जुन्या सदनिकेचे वायरिंग : काम कोणावर सोपवावे?

पर्वतीपायथा

नमस्कार. पुण्यात आई-वडिलांची दोन शयनगृहांची सदनिका आहे. इमारत 1990 च्या सुमाराची असून वायरिंग भिंतीतल्या पाइपातून नेलेले आणि बहुतांशी मूळचेच आहे. बांधकामाच्या वेळी दिवे, पंखे, फ्रिज आणि मिक्सर एवढाच भार गृहीत धरला असावा. पुढे दोन किलोवॅटचा गीझर आला, गॅसच्या जोडीला इंडक्शन आले, वडिलांच्या खोलीत दीड टनी एसी बसला, आणि त्या त्या वेळी जो इलेक्ट्रिशियन मिळाला त्याने जवळच्या बोर्डातून वायर ओढून काम भागवले. आता गीझर सुरू केला की दिवाणखान्यातला उजेड मंदावतो, ओट्यावरचा बोर्ड हाताला गरम लागतो, आणि एसी घेतला तेव्हा मुख्य पेटीत बसवलेली आरसीसीबी (प्रवाह कुठे गळू लागला की वीज तोडणारे उपकरण) पावसाळा लागला की वारंवार पडते. उन्हाळ्यात मात्र ती क्वचितच पडते.

दोघांना बोलावून काम दाखवले. पहिले गृहस्थ कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून येतात आणि सोसायटीतली अर्धी घरे त्यांच्याच हातची आहेत. त्यांचे म्हणणे असे की सगळे वायरिंग बदलण्याची गरज नाही, मुख्य एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे बटण) 32 अँपिअरची घालू म्हणजे ती पडण्याचा त्रास संपेल, आरसीसीबी खराब झाली आहे ती काढून लाइन डायरेक्ट करू, आणि घरात अर्थिंगच येत नसल्यामुळे गीझरच्या सॉकेटला न्यूट्रलमधून लूप देऊ. दुसरे परवानाधारक कंत्राटदार आहेत. त्यांनी संपूर्ण वायरिंग नव्याने करायला सांगितले, भिंती फोडाव्या लागतील असे बजावले आणि एका ओळीत एकच मोठा आकडा लिहून दिला, ज्यात कोणता माल, किती पॉइंट, प्लास्टर कोणाकडे, यातले काहीच नाही.

वडिलांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे भिंती फोडण्याची धूळ शक्यतो टाळायची आहे. पहिल्यांवर आमचा माणूस म्हणून विश्वास आहे आणि दुसऱ्यांकडे परवाना आहे. निर्णय कसा करावा, आणि काम देण्यापूर्वी लेखी काय घ्यावे?

निवृत्त_वायरमन

माझी हयात वायरिंगच्या कामात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गरम बोर्डाचा विषय सर्वांत आधी. तो बोर्ड आजपासून वापरात ठेवू नका. बोर्ड गरम होतो तो बहुधा सैल स्क्रूमुळे, किंवा सहा अँपिअरच्या सॉकेटवर सोळा अँपिअरचे उपकरण चालवल्यामुळे. सैल जोडावर उष्णता निर्माण होते, परंतु विद्युतप्रवाह वाढत नाही, आणि एमसीबीला कळतो तो फक्त प्रवाह. त्यामुळे आतले प्लॅस्टिक वितळेपर्यंत एमसीबी निवांत चालू राहील. इंडक्शन तोवर दुसऱ्या, थेट पेटीतून आलेल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर लावा, नाहीतर बाजूला ठेवा.

आता 32 अँपिअरविषयी. एमसीबी ही उपकरणासाठी नसते, ती भिंतीतल्या वायरीला जपण्यासाठी असते. तुमच्या घरात त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पॉवर पॉइंटला जास्तीत जास्त अडीचची वायर असेल. पाइपातून नेलेल्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने 20 अँपिअरच्या आसपास वाहावे, आणि त्याच पाइपात आणखी भारित वायरी असतील तर त्याहूनही कमी. 32 अँपिअरची एमसीबी मानकानुसार सव्वाछत्तीस अँपिअरच्या थोड्या खालपर्यंत तासभर पडत नाही; सेहेचाळीसच्या पुढे गेल्यावर तासाभरात पडणे तिला बंधनकारक असते. तुमचा दोन किलोवॅटचा गीझर सुमारे 8.7 अँपिअर घेतो, इंडक्शन पूर्ण आचेवर तितकेच घेते, दीड टनी एसी सात-आठ घेतो. तिन्ही एकत्र चालले तर पंचवीसच्या घरात भार जातो आणि तो एकाच जुन्या वायरीवर असेल तर वायरीचे आवरण हळूहळू ठिसूळ होत जाईल, पण एमसीबी जागची हलणार नाही. पडण्याचा त्रास संपेल हे त्यांचे म्हणणे त्या अर्थाने खरेच आहे.

न्यूट्रलमधून लूप देणे हा प्रकार मी ज्या कामावर पाहिला तिथे तो तोडूनच पुढे गेलो. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये वायरीचा तुकडा जोडला की टेस्ट लॅम्प पेटतो आणि घरमालकाला अर्थिंग आल्यासारखे वाटते. परंतु उद्या त्या न्यूट्रलचा जोड कुठे सुटला, तर गीझरच्या तापणाऱ्या घटकातून (एलिमेंटमधून) फिरून आलेला फेज थेट गीझरच्या पत्र्यावर आणि ओल्या नळावर उतरतो. बटण चालू, गीझर बंद आणि अंगाला फेज, अशी ती अवस्था असते.

आरसीसीबी खराब आहे हे निदान मला घाईचे वाटते. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत फरक दिसला की ती पडते. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची असते. बहुतेक जण तपासताना सगळ्या एमसीबी खाली करतात, एकेक वर करत जातात, काही नेमके हाती लागत नाही आणि दोष आरसीसीबीवर ढकलतात. यातली मेख अशी की घरातल्या साध्या एमसीबी फक्त फेज तोडतात आणि न्यूट्रल जोडलेलीच राहते. एखाद्या बंद वायरीची न्यूट्रल कुठे अर्थला टेकलेली असेल, तर दुसऱ्याच खोलीतला भार चालू होताच आरसीसीबी पडते. म्हणून आधी गीझरचा प्लग काढून पाहावे, कारण त्याचा घटक झिरपणे ही नेहमीची तक्रार आहे. त्यानंतरही पडत असेल तर मुख्य पुरवठा बंद करून न्यूट्रल लिंकवरून (सगळ्या न्यूट्रल जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीवरून) एकेक न्यूट्रल सोडवून, 500 व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासावे लागते. त्या वेळी एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे सुटी करून ठेवावी. वायरीचे आवरण किमान एक मेगओहमच्या वर दाखवायला हवे. चांगल्या वायरिंगमध्ये आकडा त्याच्या कितीतरी पुढे असतो.

दोघांनाही एकच प्रश्न विचारा : "मेगर आहे का, आणि आकडे लिहून द्याल का?" उत्तर काय येते त्यावरून पुष्कळ समजेल.

वीजबिल_वाचक

एक छोटी पुरवणी. महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" छापलेला असतो तो आधी पाहा. जुन्या जोडण्यांवर तो फारच कमी असतो आणि एसी-गीझर आल्यावरही कोणी वाढवून घेतलेला नसतो. भार वाढवण्याच्या अर्जासोबत परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यामुळे त्या टप्प्यावर परवानाधारकाशिवाय काम पुढे सरकणार नाही.

शिवाय केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारख्या वस्तूंची क्षमता न बदलता केलेली अदलाबदल वगळता वायरिंगमधील भर, बदल आणि दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करून घ्यायची असते. तुमच्या घरातले काम या सवलतीच्या बाहेरचे आहे. मीटर आणि त्याच्या आधीचे सील मात्र कोणालाही उघडू देऊ नका. तिथे दोष वाटला तर 1912 वर तक्रार नोंदवावी.

गोदाकाठ

मी नाशिकची असून आमच्या जुन्या घराचे वायरिंग नुकतेच बदलून घेतले आहे. निवृत्त_वायरमन यांच्या तांत्रिक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु परवाना असला की निर्धास्त व्हावे असा सूर कोणी लावत असेल तर तो मला मान्य नाही. परवाना कार्यालयाच्या भिंतीवर असतो आणि घरी येतो तो नुकताच कामाला लागलेला मुलगा. उलट कोपऱ्यावरचा माणूस रात्री नऊ वाजता वीज गेली तर चप्पल घालून येतो, आणि वयस्कर माणसे एकटी राहत असतील तर या गोष्टीची किंमत फार मोठी असते. म्हणून कंत्राटदाराला स्पष्ट विचारावे की प्रत्यक्ष छिन्नी आणि पक्कड हातात घेणारा कोण आहे, तो आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री आहे का, आणि देखरेख करणारे पर्यवेक्षक कामाच्या कोणत्या टप्प्यांवर स्वतः हजर राहतील.

मी निवड अशी केली की मोठे काम देण्याआधी प्रत्येकाकडून एक किरकोळ बोर्ड बदलून घेतला आणि शेजारी उभी राहून पाहिले. एकाने मेन बंद न करताच बोर्ड उघडला. त्याने वायरीचे आवरण दातांनी सोलले, तांब्याचे तीन-चार धागे स्क्रूच्या बाहेर मोकळे राहिले ते तसेच दाबून झाकण लावले. दुसऱ्याने टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो ठीक असल्याची खात्री केली, मेन बंद केला आणि त्यानंतरही टेस्टर बोर्डाला लावून पाहिला. वायर सोलण्याच्या हत्याराने सोलली, टोक पिळून दुमडले आणि स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर बोटाने ओढून पाहिली. दोघांची मजुरी सारखीच होती. काम अर्थातच दुसऱ्याला दिले.

लेखी काय घ्यावे याविषयी : काम अंगावर देत असाल तर "पॉइंट" म्हणजे काय ते आधी ठरवून घ्या. दिव्याचा पॉइंट, बोर्डावरचा सहा अँपिअरचा सॉकेट आणि स्वतंत्र पॉवर पॉइंट यांचे दर निराळे असतात, आणि मध्येच एक टू-वे बटण वाढले तर तो पूर्ण पॉइंट धरायचा की अर्धा, यावरून शेवटी हमखास वाद होतो. दर मालासकट आहे की फक्त मजुरी, वायरीचा कंपनीसह प्रकार आणि जाडी, आयएसआय चिन्ह, खाचा बुजवून प्लास्टर कोण करणार, रंग कोणाकडे, मलबा खाली कोण नेणार, हे सारे कागदावर यावे. माल शक्यतो स्वतः आणावा आणि वायरीची बंडले पाकीटबंद पाहून घ्यावी. बंडल सहसा 90 मीटरचे असते. वायरींचे रंगही लिहून घ्यावेत : फेजला लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा. उरलेल्या तुकड्यांवर भागवण्याच्या नादात हिरवी वायर फेजला जोडलेली मी पाहिली आहे, आणि पुढे कधीतरी बोर्ड उघडणाऱ्या माणसाच्या ती जिवावर बेतू शकते.

आणखी एक बाब कोणी आधी सांगत नाही. भिंतीतून निघालेले जुने तांबे कोणाचे? भंगारात त्याला चांगला भाव येतो, आणि ठरवले नसेल तर ते संध्याकाळी पिशवीतून गुपचूप निघून जाते. आम्ही ते मजुरीतून वळते करून घेतले.

जांभा

मी रत्नागिरीचा. "घरात अर्थिंगच येत नाही" या वाक्यावर थांबावे असे वाटते, कारण 1990 च्या इमारतीत मुळात अर्थिंग केलेले नसेल ही शक्यता कमी आहे. मीटरखोलीतून जमिनीतल्या खड्ड्याकडे जाणारी जस्त चढवलेली पट्टी गंजून तुटलेली असते, किंवा मीठ-कोळसा घातलेला खड्डा पार कोरडा पडलेला असतो, आणि त्यावर कोणी पार्किंगच्या फरश्या घातलेल्या असतात. आमच्याकडे जांभ्या दगडात तर अर्थिंग मिळवणे हेच मोठे काम असते; उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतण्याची सवय आम्हाला म्हणूनच आहे. तुमच्या बाबतीत हे काम सोसायटीचे आहे. अर्थ टेस्टर आणून खड्ड्याचा रोध मोजून घ्यावा, असा अर्ज समितीकडे द्या. एका घरापुरते खर्च करून त्याचा उपयोग होणार नाही.

तुमची आरसीसीबी पावसाळ्यातच का पडते, याचा संबंध मला या खड्ड्याशीच दिसतो. पण त्यावर निवृत्त_वायरमन यांनीच बोलावे.

पर्वतीपायथा

सर्वांचे आभार. ओट्यावरचा बोर्ड त्याच दिवशी बंद केला. बिलावर मंजूर भार दोन किलोवॅट निघाला, म्हणजे आमचा गीझर एकटाच तो संपवतो. कंत्राटदारांना मेगरविषयी विचारल्यावर ते जरा वरमले, पण आपल्या पर्यवेक्षकांना मेगर देऊन पाठवले. न्यूट्रल एकेक सोडवून पाहता ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या वायरीचा आकडा शून्यावर आला. सॉकेट उघडला तर आत बोटभर लांबीचा काळ्या वायरीचा तुकडा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये जोडलेला होता. तो काढल्यापासून पाऊस असूनही आरसीसीबी पडलेली नाही.

आता दोन शंका आहेत. एक, भिंती न फोडता जुन्या पाइपातून नव्या वायरी ओढता येतील का? दोन, पहिल्या गृहस्थांना पूर्ण डावलावे असे आई-वडिलांना वाटत नाही. त्यांना या कामात कुठे सामावून घेता येईल का?

निवृत्त_वायरमन

जांभा यांनी बरोबर ओळखले होते. तुमच्याकडे अर्थची वायर होती, पण तिच्या दुसऱ्या टोकाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा असल्यामुळे त्या लूपमधून अर्थकडे जाणारा प्रवाह आरसीसीबी पडण्याइतका होत नव्हता. पावसाने जमीन ओली झाली, खड्ड्याचा रोध उतरला, आणि न्यूट्रलमधला काही प्रवाह अर्थच्या वाटेने निघून जाऊ लागला. परत येणारा प्रवाह कमी दिसल्यामुळे आरसीसीबीने आपले काम केले. इतर सॉकेटही उघडून पाहा, कारण ज्याने एके ठिकाणी असा तुकडा घातला त्याने तो दुसरीकडेही घातलेला असण्याचा संभव आहे.

पाइपातून वायरी ओढणे पुष्कळ वेळा जमते. जुन्या वायरीच्या टोकाला नवी वायर बांधून, जोड सपाट ठेवून, टाल्क पावडर लावून दोघांनी ओढायची : एकाने पुढून ओढायचे आणि दुसऱ्याने मागून लोटत राहायचे. जिथे पाइप दबलेला असेल किंवा प्लास्टरच्या वेळी सिमेंट आत गेले असेल तिथे ती अडकते, आणि मग जोर लावण्यात अर्थ नसतो, कारण नव्या वायरीचे आवरण आतच सोलले जाते. शिवाय जुन्या बारीक पाइपात चारच्या वायरी कोंबणे योग्य नाही. म्हणून दिवे आणि पंख्यांच्या वायरी जुन्याच पाइपातून दीडच्या घालाव्यात, आणि गीझर, एसी व ओट्यावरचा पॉवर पॉइंट यांना पेटीतून प्रत्येकी स्वतंत्र चारची वायर भिंतीवरून केसिंग-पट्टीतून न्यावी. पट्टी दिसायला फारशी बरी नसते हे मान्य, पण छताच्या कडेने आणि दाराच्या चौकटीलगत नेली की खुपत नाही, आणि धूळ फक्त ड्रिलच्या भोकांपुरती होते. या तिन्ही वायरींना पेटीत आपापली 16 किंवा 20 अँपिअरची एमसीबी द्यावी. एसीसाठी सी प्रकारची घ्यावी, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर प्रवाह उसळतो.

पहिल्या गृहस्थांना अवश्य सामावून घ्या. वायरी ओढणे, पट्टी बसवणे, बोर्ड जोडणे हे काम त्यांच्या हातून उत्तम होईल. परंतु ते कंत्राटदाराच्या परवान्याखाली आणि त्यांच्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीत व्हावे, आणि टेस्ट रिपोर्टवर सही कंत्राटदाराची असावी. दोघांचे हिशेब आधीच वेगळे करून घ्या, म्हणजे उद्या काही राहिले तर एक दुसऱ्याकडे बोट दाखवणार नाही. पेटीत प्रत्येक एमसीबीखाली खोलीचे नाव मराठीत लिहून घ्या, प्रत्येक वायरीचा मेगरचा आकडा कागदावर घ्या, आणि शेवटचा हप्ता आरसीसीबीचे टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबून झाल्यावरच द्या.

वीजबिल_वाचक

भारवाढीचा अर्ज काम सुरू होण्याआधीच करून ठेवा आणि किती किलोवॅट मागायचे ते कंत्राटदाराकडून हिशेब करून घ्या. तुमच्या इमारतीत वर येणारी मुख्य वायर जुनी असेल, तर वाढीव भार तिला झेपतो का हेही त्यांनी मीटरखोलीपासून पाहायला हवे.

पर्वतीपायथा

दोघेही एकत्र काम करायला तयार झाले आहेत. पहिल्यांनी थोडी कुरकुर केली, पण आईने चहा देऊन समजावले. शेवटची शंका : घरी इन्व्हर्टर आहे. नवी पेटी बसवताना त्याचे काही वेगळे करावे लागेल का?

निवृत्त_वायरमन

होय. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिव्या-पंख्यांची न्यूट्रल पेटीतल्या मुख्य न्यूट्रल लिंकवर आणू नका. तिच्यासाठी वेगळी लिंक घालून ती इन्व्हर्टरच्याच न्यूट्रलला जोडा. दोन्ही एकत्र झाल्या, तर एकीकडून गेलेला प्रवाह दुसरीकडून परतेल आणि आरसीसीबी पुन्हा पडू लागेल. जुन्या घरांत बेडरूमच्या पंख्याची न्यूट्रल अनेकदा शेजारच्या खोलीच्या बोर्डातून उसनी घेतलेली असते. त्यामुळे वायरी ओढताना प्रत्येक खोलीची न्यूट्रल स्वतंत्र आहे ना, हे पर्यवेक्षकांना मुद्दाम तपासायला सांगा.